अनुभवाचा दाखला : मागणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे कर्तव्य

(मुख्याध्यापक, कार्यालयीन कर्मचारी व ग्रामपंचायत सदस्य यांच्या तालुका पातळीवरील प्रशिक्षण वर्गात दिलेले भाषण)



दप्तर, हिशेब, लेखापरीक्षण अशा भारदस्त विषयांवर आपण सकाळपासून बरेच काही ऐकले आहे. त्या मानाने मला नेमून दिलेला विषय लहान वाटण्याचा संभव आहे. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाला त्याने केलेल्या कामाचा दाखला देणे, आणि जुना मालक वा जुनी संस्था तो देत नसेल तर त्या माणसाने काय करावे, एवढाच हा विषय. अर्ध्या पानाच्या एका कागदाची ही गोष्ट आहे. परंतु तीस वर्षांहून अधिक काळ शिक्षक आणि मुख्याध्यापक म्हणून काम केल्यावर मी एवढे निश्चित सांगू शकतो की, या अर्ध्या पानावाचून अनेकांच्या आयुष्याची पाच-सात वर्षे हिशेबातून वजा झाली आहेत.

विनाअनुदानित शाळेत सहा वर्षे शिकविलेली शिक्षिका लग्नानंतर दुसऱ्या जिल्ह्यात जाते आणि तेथे तिला नवशिकी म्हणून उभे राहावे लागते. खाजगी रुग्णालयातील परिचारिका, पतसंस्थेतील कारकून, ठेकेदाराकडील वीजतंत्री यांचीही गत तीच. काम केलेले असते, हात तयार झालेले असतात. परंतु 'अनुभवाचा दाखला जोडावा' या जाहिरातीतील एका ओळीपाशी त्यांची वाट अडते. कारण जुने मालक म्हणतात, "बघू", "अध्यक्ष गावाला गेले आहेत", "हिशेब पूर्ण होऊ द्या". हे 'बघू' कधी कधी वर्षभर चालते.

दाखला निराळा, शिफारस निराळी

या प्रश्नातील अर्धा गोंधळ दोन कागदांची गल्लत केल्यामुळे होतो. एक कागद दाखल्याचा, दुसरा शिफारशीचा. अमुक व्यक्तीने अमुक पदावर, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम केले, हे सांगणारा कागद म्हणजे दाखला. ती घडलेल्या गोष्टीची नोंद आहे. तीत देणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. ही व्यक्ती कष्टाळू आहे, सचोटीची आहे, हिला अवश्य संधी द्यावी, असे सांगणारा कागद म्हणजे शिफारस. ते मत आहे, आणि मत देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही.

जर्मनीच्या कायद्यात हा भेद स्पष्टपणे केलेला आहे. तेथील व्यवसाय विनियमन कायद्याच्या कलम १०९ नुसार नोकरी संपताच प्रत्येक कर्मचाऱ्याला लेखी दाखला मागण्याचा अधिकार आहे. त्यात निदान कामाचे स्वरूप आणि कालावधी असलाच पाहिजे. कर्मचाऱ्याने मागणी केली तरच त्यात त्याची कामगिरी आणि वर्तणूक यांचा उल्लेख करावयाचा. शिवाय वरकरणी एक आणि मनात दुसरे, अशी छुपी शब्दयोजना त्यात करण्यास कायद्याने मनाई आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्या देशातील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केल्यापासून आपल्याकडील तरुणांचे लक्ष तिकडे लागले आहे. ज्या देशात कामाच्या कागदाला एवढे महत्त्व आहे, तेथे आपला वीजतंत्री 'मालकाने दाखला दिला नाही' एवढेच सांगून कसा भागवील?

म्हणून मागणाऱ्यास माझे पहिले सांगणे असे की, जुना मालक नाराज असेल तर त्याच्याकडे स्तुती मागू नये, तारखा मागाव्यात. 'माझ्याविषयी चार चांगले शब्द लिहा' असे म्हटले की नाराज माणसाला नकार देण्यास आयतेच निमित्त मिळते. 'आपल्या हजेरीपत्रकात जे आहे तेवढेच लिहून द्या' असे म्हटले तर नकारासाठी त्याला कारण शोधावे लागते.

देणारा का अडतो?

ज्याच्याकडून काही मिळवावयाचे आहे, त्याच्या मनातील भीती आधी ओळखली पाहिजे. दाखला अडविणारे सगळेच दुष्ट असतात असे नाही. सत्राच्या मध्यावर शिक्षक निघून गेला, वर्ग उघडे पडले, पालकांची बोलणी खावी लागली, म्हणून कोणी रागावलेला असतो. कोणाला वाटते की, या कागदाच्या आधारे हा उद्या कायमपणाचा अथवा थकबाकीचा दावा लावील. कोणी एका रकमेवर सही घेऊन दुसरीच रक्कम हातावर ठेवलेली असते. त्याला कोणताही कागद बाहेर जाऊ देणे धोक्याचे वाटते. आणि कोणाला प्रामाणिकपणे असे वाटते की, हा माणूस कामाला बरा नव्हता, त्याला चांगला म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात कसा बांधू?

यांपैकी शेवटच्या शंकेचे उत्तर मी दिलेच आहे. दाखल्यात चांगला-वाईट असे काही लिहावयाचेच नसते. पहिल्या शंकेचे उत्तर मागणाऱ्याच्या हाती आहे. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या सेवाशर्तींनुसार कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची आणि अस्थायी कर्मचाऱ्याने एक महिन्याची पूर्वसूचना द्यावयाची असते. ती दिली आहे काय? कार्यभार लेखी सोपविला आहे काय? ग्रंथालयाची पुस्तके, प्रयोगशाळेच्या किल्ल्या, घेतलेली उचल, हे सारे परत केले आहे काय? आपल्याकडील देणे फेडल्यावाचून दुसऱ्याच्या देण्याचा तगादा लावू नये. जुन्या मालकाच्या तक्रारीत रुपयातील चार आणे जरी तथ्य असेल, तरी ते चार आणे आधी चुकते करावेत. मग उरलेल्या बारा आण्यांविषयी ताठ मानेने बोलता येते.

मागण्याची रीत

तोंडी मागणीची नोंद कोठेही राहात नाही, म्हणून मागणी नेहमी लेखी असावी. अर्ज थोडक्यात आणि सौम्य भाषेत लिहावा. जुन्या भांडणांचा उल्लेखही करू नये. अर्जासोबत दाखल्याचा मसुदा स्वतःच तयार करून जोडावा, म्हणजे देणाऱ्याला फक्त नोंदी पडताळून सही करावयाची उरते. मसुदा साधारण असा असावा :

'दाखला देण्यात येतो की, श्री./श्रीमती ... यांनी या संस्थेत ... या पदावर दिनांक ... पासून दिनांक ... पर्यंत पूर्णवेळ/अर्धवेळ काम केले. त्यांच्याकडे ... हे काम होते. त्यांचे अखेरचे मासिक वेतन ... रुपये होते. हा दाखला त्यांच्या विनंतीवरून, कार्यालयीन नोंदी पाहून देण्यात येत आहे.'

यात एकही विशेषण नाही हे आपल्या ध्यानात आले असेलच. अर्ज कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. पोच देण्यासही नकार मिळाला तर अर्ज पोचपावतीसह टपालाने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्यावे. मधल्या काळात उभयतांना मान्य असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीने शब्द टाकला तर पुष्कळदा काम होते. अध्यक्ष सही करीत नसतील, तर मुख्याध्यापक वा व्यवस्थापक आपल्या अधिकारात नोंदींपुरता दाखला देऊ शकतात काय, हेही पाहावे. चारचौघांत भांडण काढून, वर्तमानपत्रात तक्रार छापून आणून दाखला मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मूळ प्रमाणपत्रांचा प्रश्न याहून गंभीर आहे. नेमणुकीच्या वेळी पदवीची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची आणि नोकरी सोडताना ती अडवून धरण्याची वाईट प्रथा काही संस्थांत आहे. पडताळणीसाठी मूळ कागद पाहावेत, साक्षांकित प्रती ठेवाव्यात आणि मूळ कागद त्याच दिवशी परत करावेत, हीच योग्य रीत होय. कोणी ती ठेवूनच घेत असेल, तर निदान त्यांची यादी आणि पोच लिहून घ्यावी.

दाद कोठे मागावी?

शाळेतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम आणि त्याखालील १९८१ ची नियमावली आहे. या अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत लिहून, दोन्हींवर सही व तारीख घालून, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावयाची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावयाची असते. ही दुसरी प्रत पुढे फार उपयोगी पडते. नोकरी केव्हा व कशी संपली हे तिच्यावरून सिद्ध होते. शाळा न्यायाधिकरणाकडे जे अपील करता येते ते बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती, पदोन्नतीत डावलणे अशा बाबींसाठी आहे. नुसत्या दाखल्यासाठी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करणे हाच सरळ मार्ग होय.

कारखान्यांतील कामगारांच्या बाबतीत, १९४६ च्या औद्योगिक नियोजन (स्थायी आदेश) अधिनियमाखालील केंद्रीय नमुना आदेशांत अशी तरतूद होती की, बडतर्फी, सेवामुक्ती अथवा निवृत्ती यांपैकी काहीही असो, प्रत्येक कायम कामगार सेवेच्या दाखल्यास पात्र आहे. बडतर्फ कामगारालाही दाखला, हे येथे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. दाखला हे बक्षीस मानलेच गेले नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अंमलात आल्या आणि त्या जुन्या अधिनियमाची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिच्यात या विषयाच्या दृष्टीने दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. मालकाने कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र दिले पाहिजे, ही एक. आणि कंत्राटी कामगाराने मागणी केल्यास कंत्राटदाराने त्याला केलेल्या कामाचा तपशील असलेले अनुभव प्रमाणपत्र दिले पाहिजे, ही दुसरी. कंत्राटी कामगारांविषयीचे हे प्रकरण पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तेथे लागू होते. अशा बाबतीत कामगार आयुक्तांच्या जिल्ह्यातील कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा.

दाखल्यावाचूनचा पुरावा

इतके करूनही दाखला मिळाला नाही तर? तर अनुभव पुसला जात नाही. दाखला हा अनुभवाचा सर्वांत सोपा पुरावा आहे, एकमेव पुरावा नव्हे.

अनुदानित शाळेतील शिक्षकाची वैयक्तिक मान्यता शिक्षणाधिकारी कार्यालयात असते. वेतनदेयके वेतन व भविष्य निर्वाह निधी पथकाकडे असतात. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून स्वतःसंबंधीच्या अशा कागदांच्या प्रती मागता येतात, आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयास बंधनकारक आहे. मंडळाच्या परीक्षेचे पर्यवेक्षक वा परीक्षक म्हणून आलेले आदेश, निवडणुकीच्या कामाचे आदेश, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, यांवर शाळेचे नाव आणि तारीख असते. हे कागद आपण घरी जाताच रद्दीत टाकतो. ते टाकू नयेत.

खाजगी नोकरीत भविष्य निर्वाह निधीचे खाते हा भक्कम पुरावा आहे. २०१४ पासून सभासदाला एकच सार्वत्रिक खाते क्रमांक मिळू लागला. त्याच्या पासबुकात मालकाचे नाव आणि कोणत्या महिन्याची वर्गणी भरली, हे महिन्यागणिक दिसते. मालकाने नोकरी सोडल्याची तारीख नोंदविली नाही, तर अखेरच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासदाला ती संगणकाद्वारे स्वतः नोंदविता येते. त्यासाठी आधार आणि भ्रमणध्वनी क्रमांक जोडलेला असावा लागतो. याखेरीज वेतनचिठ्ठी, बँकेच्या पासबुकातील पगाराच्या नोंदी, आयकर कपातीचा फॉर्म १६, राज्य विमा योजनेचे कार्ड, हेही पुरावेच आहेत. ज्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम केले आणि जे आता स्वतः ती संस्था सोडून गेले आहेत, अशा वरिष्ठांकडून वैयक्तिक पत्र घेता येते. मात्र त्यांनी ते संस्थेच्या नावाने न लिहिता स्वतःच्या नावाने लिहावे.

खरी अडचण असते ती हातावर रोख पगार घेणाऱ्यांची. त्यांच्याजवळ यातील एकही कागद नसतो. त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, पुरावा नोकरीत असतानाच जमवावा लागतो. नेमणूकपत्र लेखी मागा. पगार बँकेत जमा करण्याची विनंती करा. घरी एक साधी फाइल ठेवा आणि नोकरीतील प्रत्येक कागदाची प्रत तीत लावा.

मुलाखतीच्या वेळी दाखला नसल्याचे कारण दोन वाक्यांत सांगावे : मी अमुक तारखेस लेखी मागणी केली, ही पोच, दाखला मिळाला नाही, हे इतर पुरावे. जुन्या संस्थेची निंदा करू नये. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येते की, उद्या हा आपल्याविषयीही असेच बोलेल. आणि कितीही निकड असली तरी खोटा दाखला करून घेऊ नये. त्याने खरा अनुभवही संशयास्पद होतो, नोकरी जाते आणि फौजदारी गुन्हा मागे लागतो तो वेगळाच.

माझ्या हातून घडलेले

येथवर मी मागणाऱ्याला उपदेश केला. आता देणाऱ्याविषयी बोलावयाचे तर मला स्वतःपासून सुरुवात केली पाहिजे.

मी मुख्याध्यापक असताना आमच्याकडील विज्ञानाचा एक तरुण शिक्षक डिसेंबरमध्ये नोकरी सोडून गेला. दहावीचा अभ्यासक्रम अर्धा राहिलेला होता. मला राग आला, आणि तो राग अगदीच अकारण होता असे मी आजही म्हणणार नाही. जानेवारीत त्याचा दाखल्यासाठी अर्ज आला. मी तो नाकारला नाही. फक्त टेबलाच्या खणात ठेवला. मार्चमध्ये दुसरा अर्ज आला. परीक्षेच्या धामधुमीचे कारण माझ्याजवळ होतेच. जूनमध्ये मी सही केली. तोवर ज्या जागेसाठी त्याला दाखला हवा होता ती जागा भरली गेली होती. काही वर्षांनी एका प्रशिक्षणात तो मला भेटला, वाकून नमस्कार केला आणि सहज बोलून गेला, "सर, त्या वर्षी आपला दाखला वेळेवर मिळाला असता, तर मी आज आईजवळ असतो." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. त्याने बुडविला होता अर्धा अभ्यासक्रम. मी अडविला होता त्याचा घराकडचा रस्ता. आणि ते करण्यासाठी मला नियम मोडावा लागला नव्हता, की आवाजही चढवावा लागला नव्हता. खण बंद करणे एवढेच पुरले.

मुख्याध्यापक मित्रहो, २००९ च्या बालकांच्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ आपणा सर्वांस ठाऊक आहे. मूल दुसऱ्या शाळेत जाऊ लागले की, शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकाने तात्काळ द्यावयाचा. विलंब केल्यास तो शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र होतो. त्याच कलमात दुसरी बाजूही आहे : दाखल्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारावयाचा नाही. मुलाच्या बाबतीत आपण हे निमूटपणे पाळतो. त्या मुलाला शिकविणाऱ्या शिक्षकाच्या बाबतीत तोच न्याय लावण्यास कायद्याच्या सक्तीची वाट कशाला पाहावयाची?

ही दुसरी बाजू निवड समितीवर बसणाऱ्यांनीही मनावर घ्यावी. दाखला नाही म्हणून उमेदवाराला तेथल्या तेथे परत पाठविण्यापेक्षा, नियमांत बसत असेल तर त्याला मुदत द्यावी, इतर पुरावे पाहावेत, आणि समितीनेच जुन्या संस्थेला पत्र लिहून पडताळणी करावी. एकट्या माणसाच्या पत्राला जे उत्तर मिळत नाही, ते संस्थेच्या पत्राला पुष्कळदा मिळते.

ग्रामपंचायत सदस्यांनाही मी आठवण करून देतो की, आपणही मालक आहात. पाणीपुरवठ्याचा कर्मचारी, शिपाई, सफाई कामगार हे आपले नोकर. जिल्हा परिषदेच्या गट 'क' व गट 'ड' मधील काही जागा ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांतून भरण्याची सोय आहे. अशा वेळी त्याची सेवा केव्हा सुरू झाली याची नोंद दप्तरात सापडली नाही, तर वर्षानुवर्षे पहाटे उठून गावाला पाणी सोडणारा माणूस यादीबाहेर राहतो. सरपंच बदलतात, पूर्वीचे ग्रामसेवक आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणविले जातात, गट-तट बदलतात. दप्तराने मात्र सर्वांशी सारखेच वागले पाहिजे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेने, पंचायतीने आणि संस्थेने दाखल्याचा नमुना छापून ठेवावा, त्यासाठी जावक नोंदीचे एक स्वतंत्र पुस्तक ठेवावे, आणि ज्या दिवशी कर्मचारी कार्यभार सोपवील त्याच दिवशी, त्याच टेबलावर, त्याने न मागता दाखला त्याच्या हाती द्यावा. यासाठी निधी लागत नाही, ठराव लागत नाही, वरून आदेश येण्याची वाट पाहावी लागत नाही.

उद्या कार्यालयात गेल्यावर आपापल्या टेबलाचा खण एकदा उघडून पाहावा आणि तेथे असा एखादा अर्ज पडून असेल तर त्यावर सही करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.